हरिहरेश्वर ते दमण

चंद्रप्रकाश तोडणकर गेल्याचा निरोप आला, तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी अनिरुद्ध याने जयवंत गवईंच्या हातात खडू दिला. "काका, तुमचं अक्षर चांगलं आहे, आणि ओळखही तुमचीच होती. फळ्यावर दोन ओळी लिहा." गवईंनी नाव लिहिलं, त्याखाली 'दुःखद निधन' लिहिलं, आणि पुढे हात चालेना. वय किती होतं? मूलबाळ होतं की झालंच नव्हतं? तोडणकरांची बायको गेली तेव्हा गवई स्मशानापर्यंत जाऊन आले होते, पण तिचं नाव काय होतं हेसुद्धा त्यांना आठवेना. घाटकोपरच्या हाउसिंग बोर्डाच्या त्या जुन्या इमारतीत दोघं एकाच मजल्यावर एकवीस वर्षं राहिले. मध्ये फक्त दोन खोल्या होत्या. एवढ्या वर्षांत माणूस खरा कळला तो पाच दिवस, आणि तोही दाराबाहेर बसलेला.

बाकी माहिती कोणालाही असावी तेवढीच. तोडणकर मूळचे श्रीवर्धनकडचे, देऊळवाडीचे. गिरणीत साचेखात्यात, मागांवर होते. गिरणी बंद पडल्यावर वाकोल्यातल्या एका इमारतीत लिफ्टमन झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. साच्यांच्या खडखडाटाने कान थोडे गेले होते, म्हणून बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत. गावी त्यांची थोरली बहीण होती, सुगंधाताई. विधवा, एकटी, सुपारीच्या लहानशा वाडीत राहणारी. रोज संध्याकाळी सातला ते गॅलरीत उभे राहून तिच्याशी फोनवर बोलत. कान कमी असल्याने बोलणं अख्ख्या मजल्याला ऐकू जाई. बहुतेक वेळा विषय असायचा तिच्या मांजराचा.

दोन हजार वीसचा मे महिना. लॉकडाऊन होता. तोडणकरांचा टीव्ही बिघडला होता आणि दुरुस्तीला कोणी येत नव्हतं. एकदा ते गवईंच्या दाराशी येऊन तोंडावरचा रुमाल सारखा करत म्हणाले, "गवईसाहेब, बातम्या लागल्या की जरा आवाज मोठा ठेवाल? मी बाहेरूनच ऐकेन."

गवईंच्या बायकोने, रत्नप्रभाबाईंनी, आतून सांगितलं, "ऐकता कशाला, बघा की! बाहेर बसा हवं तर. दार उघडंच असतं आमचं."

मग तोडणकर स्वतःचं लाकडी स्टूल घेऊन यायला लागले. उंबऱ्यापासून दोन हात लांब ठेवायचे, बसायचे, बातम्या संपल्या की स्टूल उचलून जायचे. गवई आत खुर्चीत, ते बाहेर स्टुलावर. आठ-आठ दिवस एक शब्द होत नसे.

गवईंना टीव्हीचा नाद होता. महापालिकेच्या पाणी खात्यात एकतीस वर्षं कारकुनी केली होती. छापलेलं किंवा ठासून बोललेलं काही असलं की त्यांना ते खरंच वाटे. मूळ गाव बुलढाण्याकडचं. समुद्र त्यांनी पाहिला होता तो जुहूला, पोरांना घेऊन, वर्षातून एकदा. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

दोन जूनला सकाळपासून सगळ्या वाहिन्यांवर एकच लाल भोवरा फिरत होता. खाली घड्याळासारखे आकडे पळत होते, वादळ मुंबईपासून किती किलोमीटरवर आलं त्याचे. सूत्रसंचालक ओरडत होता. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उभी केलेली एक वार्ताहर मुलगी, छत्री उलटी झालेली, केस तोंडावर आलेले, पुन्हा पुन्हा सांगत होती की वाऱ्याचा वेग वाढतो आहे.

"अरे, त्या पोरीला कोणीतरी आत घ्या रे," रत्नप्रभाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "सगळ्यांना घरात बसा म्हणतेय आणि स्वतः भिजतेय."

"तिची ड्यूटी आहे ती," गवई म्हणाले.

"ड्यूटी म्हणजे काय, भिजून दाखवायची?"

बाहेर तोडणकर हसले. मग जरा वेळाने त्यांनी विचारलं, "गवईसाहेब, गावाकडचं काय म्हणतात? ताईचा फोन होता. वाडीतले लोक शाळेत जायला सांगतायत. ती विचारते, जाऊ की नको."

गवईंनी पडद्याकडे पाहिलं. पट्टी सरकत होती, वादळ धडकणार, हरिहरेश्वर ते दमण. नकाशावर किनाऱ्याचा तेवढा तुकडा लाल केलेला, आणि भोवरा मुंबईच्या तोंडावर. त्यांना ते अगदी उघड दिसलं. त्यांनी दोन हातांत अंतर धरून दाखवलं. "हे बघा, हे हरिहरेश्वर, हे दमण. तुमचं गाव पार या टोकाला. मधोमध कोण? आपण. टोकाला काय, थोडा वारा लागेल."

"शाळेत नको जाऊ म्हणू?"

"शाळेत मुंबईहून आलेली माणसं ठेवलीत ना चौदा दिवस? या वयात तिथे कशाला? त्यापेक्षा घर बरं."

तोडणकरांनी मान डोलावली. सातला गॅलरीतून आवाज आला. "ताई, घरातच राहा गो! आमचे गवईसाहेब सगळं बघतात टीव्हीवर. ते म्हणतात, तुमच्याकडे काय नाय!"

आपल्याला कोणीतरी साहेब म्हणतं आणि आपल्या शब्दावर कोकणात एक बाई घरी राहते, याचं गवईंना त्या संध्याकाळी थोडं बरंही वाटलं होतं. ही गोष्ट त्यांनी नंतर कोणाला सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या, बादल्या भरून ठेवल्या, मेणबत्त्या काढल्या. दुपारी वारा सुटला, कोपऱ्यावरच्या गुलमोहराची एक फांदी रिक्षास्टँडवर पडली, दोन तास पाऊस झाला. संपलं. चारच्या सुमाराला पडद्यावर मोठी अक्षरं आली, 'मुंबई वाचली'. सूत्रसंचालकाचा आवाज उतरला. तो थकलेला दिसला, आणि थोडा हिरमुसलेलाही.

"सुटलो बाबा," म्हणून रत्नप्रभाबाईंनी चहा टाकला. एक कप उंबऱ्याबाहेर ठेवला.

तोडणकरांनी कप उचलला नाही. "वाचली म्हणजे गेलं कुठे?" त्यांनी विचारलं.

वादळ अलिबागच्या खाली किनाऱ्याला लागलं होतं. ते टीव्हीने सांगितलं, पण एका वाक्यात. मग पुन्हा मुंबई दाखवली. एका मोटारीवर झाड पडलं होतं. तीच मोटार, तेच झाड, सगळ्या वाहिन्यांवर, वेगवेगळ्या बाजूंनी. मोटारीच्या मालकाला विचारत होते, तुम्हाला काय वाटतंय.

ताईचा फोन लागेना. शेजाऱ्यांचा लागेना. श्रीवर्धनच्या दुकानदाराचा लागेना. त्या भागातले टॉवर आडवे झाले होते, हे तिसऱ्या दिवशी कळलं.

ते पाच दिवस. तोडणकर सकाळी सातला स्टूल घेऊन यायचे ते रात्रीचं जेवण झाल्यावर उठायचे. गवई रिमोट हातात धरून बसायचे आणि वाहिन्या बदलत राहायचे. करोनाचे आकडे, जाहिरात, मोटारीवरचं झाड, जाहिरात. कुठे 'रायगड' असा शब्द आला की दोघंही पुढे वाकायचे. गवईंच्या अंगठ्याला घट्टा पडल्यासारखं झालं. झोपेत त्यांना तेच दोन हात दिसायचे, हवेत अंतर धरलेले. सकाळी उठल्यावर ते मनाशी वाक्य तयार करायचे, 'तोडणकर, ते मी सांगायला नको होतं.' दार उघडलं की बाहेर स्टूल, स्टुलावर तो माणूस, आणि गवई म्हणायचे, "लावू का?"

"लावा," तोडणकर म्हणायचे.

चौथ्या दिवशी अर्धा मिनिट श्रीवर्धन दाखवलं. सुपारीची झाडं एका दिशेला झोपलेली, जणू कोणी हाताने पाडून ठेवली असावीत. कौलं नसलेली घरं. तोडणकर उठले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आले, थेट पडद्यापाशी गेले आणि काचेवर बोट ठेवलं.

"हे देवळाच्या मागचं आहे का?" ते स्वतःशीच म्हणाले. "नाही. हे आमचं नाही. आमच्याकडे विहीर आहे कडेला."

बोटाखाली चित्र बदललं आणि साबणाची जाहिरात लागली. बोट तसंच होतं. रत्नप्रभाबाईंनी आतून पाणी आणून दिलं. त्यांनी ते घेतलं, आपण आत आल्याचं त्यांच्या लक्षात आलं, आणि "माफ करा" म्हणत ते बाहेर गेले. गवईंना ते 'माफ करा' फार लागलं. त्या घरात माफी मागायचीच असेल तर ती कोणी मागायची होती?

पाचव्या दिवशी दुपारी फोन वाजला. देऊळवाडीतला कोणी माणूस मोबाइलला रेंज मिळेल तिथपर्यंत दोन तास चालत गेला होता. तोडणकर उभ्यानेच ऐकत होते. मग फोन खिशात ठेवून खाली बसले.

"आहे म्हणे," ते म्हणाले. "माड पडला पडवीवर. वासा कमरेवर आला. कंबर मोडलीय. रात्रभर तशीच होती. मांजर होतं म्हणे जवळ."

गवईंच्या तोंडात वाक्य तयार होतं. तोडणकर त्यांच्या तोंडाकडे बघत होते, नेहमीसारखे. गवई म्हणाले, "जायला पास लागेल. मी भरून देतो मोबाइलवर."

तेवढंच त्यांना जमलं. अर्ज भरला, फोटो चढवला, कारणाच्या रकान्यात 'बहीण जखमी' लिहिलं, दोनदा परत आला तो तिसऱ्यांदा भरला. गावाकडे छपराचे पत्रे घेऊन निघालेल्या एका टेम्पोत पुढे जागा मिळाली. निघताना तोडणकरांनी स्टूल गवईंच्या दाराशीच ठेवलं. "येईन तेव्हा लागेलच," म्हणाले.

ते आले एकदाच, पुढच्या फेब्रुवारीत, दोन दिवसांसाठी. उन्हाने रापले होते, खांदे उतरले होते. घर उभं केलं होतं पण कौलं मिळाली नव्हती. ताई काठीवर न्हाणीपर्यंत जात होती, तेवढंच. मदतीच्या यादीत नाव होतं, मग नव्हतं, मग पुन्हा होतं, असं काहीतरी त्यांनी सांगितलं आणि मध्येच सोडून दिलं. बाकी दिवसभर पडलेली झाडं तोडायची, ओढायची, जाळायची. नऊ महिने तेच. त्यांनी स्टुलावर बसून एक कागदाची पुडी पुढे केली. "ही जुन्या झाडांची शेवटची सुपारी. आता लावलीत ती धरायला पाच-सात वर्षं. तोवर कोण बघतंय."

"मी खात नाही हो सुपारी," गवई म्हणाले, आणि लगेच त्यांना स्वतःचा राग आला. रत्नप्रभाबाईंनी पुढे होऊन पुडी घेतली.

त्याही वेळी ते वाक्य राहिलं. तोडणकरांना आठवत तरी असेल का, असा एक सोयीचा विचार गवईंच्या मनात आला. पण तो फार वेळ टिकला नाही.

मग मे महिना आणि दुसरं वादळ. या वेळी टीव्ही निवांत होता. वादळ समुद्रातूनच गुजरातकडे जाणार, मुंबईला धोका नाही, असं सांगत होते. दुसऱ्या दिवशी त्याने मुंबईला कसं झोडपलं, ते सगळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी गवईंच्या इमारतीच्या गच्चीवरचे चार पत्रे समोरच्या शाळेच्या आवारात जाऊन पडले. देऊळवाडीत दोघं सुखरूप असल्याचा निरोप नंतर आला, पण तो दुसऱ्याच माणसाकडून. बोलू, बोलू म्हणत तीन महिने निघून गेले, आणि ऑगस्टमध्ये तीन दिवसांच्या तापाने तोडणकर गेले. ताई मागे राहिली. त्यामुळे त्या दुसऱ्या वादळाच्या आदल्या संध्याकाळी, सोळा मेला सातला आलेला तोडणकरांचा फोन हा शेवटचा ठरला.

"गवईसाहेब, टीव्हीवर काय म्हणतात?"

तोच प्रश्न. त्याच विश्वासाचा. गवईंनी रिमोटने आवाज बंद केला.

"टीव्हीचं सोडा, तोडणकर. त्यांना कळत नाही, आणि मला तर त्याहून कळत नाही. गेल्या वर्षी मी चुकीचं सांगितलं तुम्हाला. ताईंना शाळेत जाऊ द्यायला हवं होतं. माझ्यामुळे त्या घरात राहिल्या."

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. ऐकू गेलं की नाही, कळेना. त्यांचे कान तसेच, आणि आज तोंड दिसत नव्हतं. गवईंनी पुन्हा सांगायला तोंड उघडलं.

"ऐकलं," तोडणकर म्हणाले. "मी तरी कुठे समुद्राकडे बघत होतो? मीपण तुमचा टीव्हीच बघत होतो. ताईला मीच सांगितलं, तुम्ही नाय."

"तिथे आत्ता कसं आहे?"

"पाणी काळं दिसतंय. पक्षी सगळे आत आलेत."

"मग जा शाळेत. ताईंना घेऊन जा."

"ती मांजर सोडून येत नाय म्हणते."

"मांजर घ्या पिशवीत. पण जा."

"जातो, जातो. आता उजेड आहे तोवर नेतो." मग जरा थांबून, "तुमच्या गॅलरीकडच्या खिडकीची कडी सैल आहे. सुतळीने बांधून घ्या."

"बांधतो."

"आणि ते स्टूल बाहेर असेल माझं. आत घ्या. उडून कोणाला लागेल."

"घेतो."

"बरं, ठेवतो मग."

"ठेवा."