तुमचा वाद कुठला?

कसं सांगू राव, दोन अक्षरांच्या एका शब्दानं माझं जे हसं केलं, तसं वैऱ्यानंही केलं नसतं.

नव्वदीतली गोष्ट. डिंभ्याजवळच्या आमच्या गावातून मी पुण्याला गेलो आणि बी.ए. होऊन आलो. पुस्तकांच्या नुसत्या प्रस्तावना वाचायच्या आणि मतं पार शेवटच्या पानापर्यंतची द्यायची, असा माझा थाट. त्यात समाजवाद नवा नवा चढलेला. घरी म्हशीची धार काढायला सांगितली की मी श्रमाच्या मोलावर बोलायचो. धार आईच काढायची.

तर राजुरीला मुलगी बघायला गेलो. पोहे झाले. माझे वडील मुलीच्या वडिलांबरोबर मळ्यातली विहीर बघायला गेले. ओट्यावर मी आणि मुलीचे मामा. मामांनी चहा पुढं केला आणि हळूच विचारलं, "तुमचा वाद-बिद काय हाय का?"

आता तुम्हीच सांगा, सोयरीक जुळवायला बसलेला मामा कुठला वाद विचारणार? शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला वाटलं, चला, विचारसरणी विचारणारा एक तरी माणूस भेटला.

"आहे ना. आणि मी तो सोडणार नाही."

"कुणासंगं?"

"भांडवलदारांशी."

मामांनी आठवून बघितलं. "मंचरचे का?"

"सगळीकडचे."

"लई मोठी भावकी दिसती."

भांडवलदारांना भावकी म्हणणं मला फारच मार्मिक वाटलं. मी मान डोलावली.

"कवापासून चाललाय?"

"आजोबांच्याही आधीपासून."

"आन् निकाल?"

"आपल्याच बाजूनं लागणार. मग जमीन एकाची राहणार नाही. सगळ्यांना वाटून टाकायची."

मामांनी बशी खाली ठेवली.

वडील परत आले तेव्हा मामा उभेच होते. "पावणं, वादातल्या जमिनीवर आमी पोरगी देत न्हाई."

"कसला वाद? आमची बांधाचीसुदिक तक्रार न्हाई."

"तुमचं पोरगंच म्हणतंय."

मग मी समजावायला लागलो. वाद म्हणजे भांडण नव्हे, जग कसं चालावं याची मांडलेली विचारसरणी, वगैरे. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे कोर्टात काय न्हाई?"

"नाही."

"जमीन साफ?"

"साफ."

मामांचा जीव भांड्यात पडला. माझाही. मग ते वडिलांकडं वळले. "धाकटा काय करतो तुमचा?"

वडील माझ्याकडं न बघता म्हणाले, "ट्रॅक्टर चालवतो. वाचत काय न्हाई."

त्याच उन्हाळ्यात लग्न लागलं. धाकट्याचं. मी पंगतीत भात वाढायला होतो.