ताटं धुण्याची जोडी

“दाखला द्या, गुरुजी. पोरीला घरी नेतो.”

सूर्यमाळकडच्या पाड्यावरून लहानूभाऊ सकाळच्या एसटीने जव्हारला आले होते. त्यांची सुनंदा आठवीत, माझ्या वर्गात. आमची शाळा एका धार्मिक संस्थेची, मुलींचं वसतिगृह आवारातच. वर्षाच्या मध्येच शाळा सोडल्याचा दाखला घेतला, की वसतिगृहातली जागा गेली. त्यांच्या गावाजवळच्या शाळेत विज्ञानाला शिक्षक नव्हता, आणि सुनंदाला नर्स व्हायचं होतं.

“झालं काय पण?”

“तिला जोडी नाय मिळत.”

आमच्याकडे पाण्याची टंचाई. म्हणून जेवणानंतर ताटं जोडीने धुवायची. एकीने तांब्याने धार धरायची, दुसरीने घासायचं, मग अदलाबदल. एकटीने धुतलं की पाणी जास्त लागतं, वर बोलणी बसतात. सुनंदा दुपारच्या तासाला ओल्या बाह्यांनी उशिरा का येते, ते मला तेव्हा कळलं.

कारण होतं निवडणूक. जेवणाआधीच्या प्रार्थनेला जोडूनच मुली एका उमेदवाराचा जयजयकार करू लागल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. संस्थेतली मोठी माणसं त्या बाजूची, मोठ्या मुलींनी सुरू केलं, बाकीच्यांनी उचललं. लहानूभाऊ मात्र दुसऱ्या पक्षाचा झेंडा घेऊन फिरत होते. सुनंदा प्रार्थना म्हणायची आणि जयजयकाराला गप्प बसायची, म्हणून तिच्या जोडीला कुणी येईना.

मी मुख्याध्यापिकांकडे गेलो.

“सगळ्या म्हणतात, तिनेही म्हणावं,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, आठवीतल्या मुलीला कुठे मत द्यायचंय?”

“मग नुसतं म्हणायला काय हरकत आहे?”

मी म्हणालो, “निदान जोड्या तरी मला लावू द्या. हजेरीच्या क्रमाने, दर आठवड्याला बदलून.”

“लावा. पण भांडणं माझ्याकडे आणू नका.”

ही पद्धत माझी नव्हे. मी याच शाळेत शिकलो, तेव्हा मुलांचंही वसतिगृह होतं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, तो इथल्या वरणभातावर. आमचे तेव्हाचे गुरुजी क्रमाने जोड्या लावायचे. माझा जोडीदार पोशेऱ्याचा. त्याच्या आणि माझ्या वडिलांचे पक्ष वेगळे, हे आम्हाला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर थंडीत एकमेकांच्या बोटांवर गार पाणी ओतून झालं होतं. अजून पोशेऱ्यावरून गेलो, तर त्याच्याकडे चहा घेतल्याशिवाय पुढे जात नाही.

लहानूभाऊंना दाखल्यासाठी आठवडाभर थांबायला सांगून परत पाठवलं. पहिल्याच दिवशी सुनंदाची जोडी लागली वैशालीशी. घोषणा तीच द्यायची.

“धार बारीक धर गं, सांडतंय सगळं!”

“तू आधी नीट घास, पुढाऱ्याची पोर!”

“आणि तू कोण, लाउडस्पीकर?”

आजूबाजूच्या मुली हसल्या. थोड्या वेळाने वैशालीही.

जयजयकार मतदानापर्यंत चाललाच. सुनंदा शेवटपर्यंत गप्प राहिली, आणि शाळेत राहिली.

जूनमध्ये लहानूभाऊ तिला सोडायला आले. बरोबर धाकटी होती. तिचं नाव त्यांनी गावाजवळच्या शाळेत घातलं होतं.

“तिथे विज्ञानाचं काय?” मी विचारलं.

“ठाऊक आहे, गुरुजी. सुट्टीत मोठी शिकवील तिला. पण आमचे घरातली एक तरी पोर गप्प न बसता, घरचं बोलत वाढू दे.”

प्रवेशाला येणारे पालक मला निकाल विचारतात. मी निकाल सांगतो, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबून आधीची प्रार्थना नि नंतरच्या ताटांच्या जोड्या स्वतः बघायला सांगतो.