उलट्या पिळाची चुंबळ

माझी नात ह्या ग्रुपवरचे अनुभव मला रोज वाचून दाखवते. पिंपळावरची बाई, घाटातला म्हातारा... मी ऐकतो अन् हसतो. आम्ही बौद्ध झालो तेव्हाच आमच्या घरातून भूत, भानामती, अंगात येणं सगळं गेलं ते गेलं. आत्मासुद्धा आम्ही मानत नाही. खाली लिहिलंय ते दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीच त्याला चारचौघांत खोटं पाडलं असतं. शिक्षण तिसरी. नात म्हणली, "आबा, चुका दुरुस्त करते." म्हणलं, हात लावू नको.

लातूर जिल्हा नवा झाला, त्यानंतरच्या दुष्काळातली गोष्ट. गावभर नव्या कचेऱ्यांच्या भिंती उठून राहिल्या होत्या, अन् मी अशाच एका भिंतीवर गवंडी होतो.

बाजाराच्या मागं निजामाच्या काळातली एक बाग आहे. लोक झऱ्याची बाग म्हणतात. चारी बाजूंनी दगडी भिंत, एक कमान, मधोमध कुंड. एकवीस पायऱ्या उतरलं की खडकाच्या कपारीतून पाणी येतं. कमानीच्या बाहेर, डाव्या हाताला एक काळी फरशी आहे... ही फरशी ध्यानात ठेवा.

माझ्या लहानपणी आमच्या लोकांना कमानीच्या आत जायची बंदी होती. आई त्या फरशीवर घागर ठेवून उभी राहायची. आतून पाणी घेऊन येणाऱ्या एखादीच्या मनात आलं, तर ती वरून ओतायची, अंगाला अंग न लागता. तहान लागली तर ओंजळ धरायची. मी पदर धरून हे बघितलंय. म्हणून कळता झालो तेव्हा ठरवलं — ओंजळ धरून कुणाचं पाणी प्यायचं नाही, मेलो तरी.

पुढं बंदी उठली. पण आई एकदाही आत गेली नाही. म्हणायची, "ऱ्हाऊ दे बाबा, माझे पाय हितंच थांबतात." दुष्काळाच्या आदल्या वर्षी ती वारली.

त्या दिवशी बायको, मुरुडची शेवंता, पाच दिवसांची बाळंतीण होती. घरात तांब्याभर पाणी. बागेत रांगेनं घागरी ठेवायच्या अन् चौकीदार रहीमचाचा त्या वाटीवाटीनं भरून ठेवायचे, असा नेम होता. झरा करंगळीएवढा झाला होता. मी दिवस उगवायला घागर ठेवून कामावर गेलो.

कामावर मात्र टँकरचं पाणी! मी सकाळभर पाइप धरून नव्या भिंतीला पाणी मारत होतो. भिंत पाणी पिऊन राहिली अन् घरात लेकरू कोरडं. मुकादमाला माहीत होतं. हसत म्हणला, "काय रे, बाळंतिणीला पाणी पायजे ना? धर ओंजळ, वाढतो!"

चेष्टाच असंल. पण मी पाइप खाली टाकला. "तुमचं पाणी तुमच्या भिंतीला पाजा," म्हणलं, अन् निघालो.

बारा वाजले होते. बागेत आलो तर रांग संपलेली, कुंडाच्या तोंडाशी साखळी अन् कुलूप.

"चाचा, माझी घागर?"

"कौनसी घागर, मियाँ? तेरी घागर आज आयीच नै."

"पहाटं ठेवून गेलो की!"

"किधर रखा?"

पहाटंचं आठवून बघितलं. कमानीच्या आत गेल्याचं मला आठवेना. डोकं घरी होतं, अन् हातानं घागर ठेवली ती आई ठेवायची तिथं. बाहेर, फरशीवर! एवढा मी ताठ माणूस... सगळ्यांना कायदा सांगणारा. लाजेनं कान तापले.

चाचांना दया आली. "मेरे कू दिखा होता तो भर देता रे. अब देख, ग्यारा बजे से वाटी भी नै निकली." खाली बघितलं. कपार कोरडी, तळाला चिखल.

रिकामी घागर उचलायला बाहेर गेलो. घागर काठोकाठ भरलेली होती. पाणी काचेसारखं, अन् गार. वर ओळखीसाठी मारलेला माझाच चुन्याचा शिक्का. घागरीखाली एक चुंबळ, म्हणजे डोक्यावर घागर घेताना ठेवतात ती कापडाची गुंडाळी. ती मी आणलेली नव्हती.

अन् फरशीपासून कमानीतून आत ओली पावलं. सगळी बाहेर येणारी; आत जाणारं एकही नाही. आम्ही दोघं मागावर गेलो. पावलं साखळीखालून पायऱ्यांवर, खाली एकविसाव्या पायरीपर्यंत. उन्हात आमच्या डोळ्यांदेखत वाळत होती.

"मैं इधरीच बैठा था," चाचा म्हणले. "झपकी भी नै ली... जा बेटा, पानी ले जा. बाई प्यासी होगी."

घरी शेवंतानं आधी माझ्या तोंडाकडं बघितलं. "कुणापुढं ओंजळ धरली का काय?"

"न्हाई."

"मग मुकादमाची चोरली?"

"गप पी."

दोन पेले प्याली, मग तिची नजर चुंबळीवर गेली. उचलून फिरवली. "अहो... ही तर आत्याबाईंची, तुमच्या आईची. त्या डावखुऱ्या, त्यांचा पीळ उलटा असायचा. तुम्हाला कुठं घावली?"

मी तिला काही सांगितलं नव्हतं.

त्या पाण्यानं लेकीला न्हाऊ घातलं. सुजाता तिचं नाव. आता विष्णुपुरीत राहते, शिक्षिका आहे. मागच्या महिन्यात आली तेव्हा बागेत गेलो. हिरवळ केलीय, रंगीत दिवे लावलेत, झरा भरून वाहतोय. फरशीवर शेंगावाला बसतो, त्याच्याकडनं गरम शेंगा घेतल्या. बापलेक शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलो. लई बरं वाटलं.

सुजाता म्हणली, "आबा, चुंबळ एकदा सोडून बघू ना. आत आजीचं लुगडं हाय का, कळंल तरी."

"सोडायची न्हाई."

"का पण?"

"पीळ सुटला तर परत तसा घालणारं कुणी न्हाई."

चाचांनीच भरली असंल, असं लोक म्हणतात. चाचा मरेपर्यंत नाही म्हणले. डावखुऱ्या बाया जगात लई आहेत, हेही खरं. पण चिखलातून काचेसारखं पाणी कुणी काढलं, ह्याचं उत्तर माझ्याकडं नाही. कुणाकडं असलं तर लिहा. मी भूत अजून मानत नाही, मानणारही नाही.

पण त्या दिवशी कुणाचे तरी पाय फरशीपाशी थांबले नाहीत. एकविसाव्या पायरीपर्यंत गेले. कुणाचेही असोत, बरं झालं.