पंगतीपुरतं अंगण

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. साताऱ्याकडून नोकरीला आलेल्या आम्हा नवराबायकोनं वऱ्हाडातल्या अमडापुरातच घर बांधलं. शेजारचे शिंपीकाका रोज संध्याकाळी गळ्यातल्या टेपसकट अंगणात येत. मी चुन्यानं आखलेली वळणाची पायवाट आणि गुलाबाचे गोल वाफे मान तिरपी करून बघत, सुपारी दुसऱ्या गालात सरकवत आणि विचारत, "समदं बेस आहे, मास्तर. पन पंगत कुठी बसन?"

रोज तेच. एकदा मी वैतागून म्हणालो, "काका, आम्ही इथं नवखे. आमच्याकडं जेवायला येणार कोण?"

चपला काढून त्यांनी भिंतीला पाठ लावली आणि मातीतच मांडी घातली. मग जरा सरकून पुन्हा बसले, पुन्हा सरकले. असे बसत बसत ते फाटकापर्यंत गेले. टेप गळ्यातच होती. माझा चुना मात्र त्यांच्या धोतराला पुसला गेला.

"वाढनारा इथून जाईन," ते म्हणाले. "अन् येनाऱ्याचं काय घेऊन बसले? मी तं बसलोच ना. सूनबाईले म्हना, वाढ!"

दारात उभी असलेली माझी बायको हसत आत गेली. नव्या घरातलं पाहुण्याचं पहिलं ताट तिनं अंगणातच मांडलं.