दादाने लावलेला शेवटचा कौल

जोयड्याच्या नेत्रशिबिरात डोळे तपासणाऱ्यांपेक्षा हार घालून घेणारे जास्त होते. दादाला चष्मा मिळाला, फोटोही निघाला. पण समोरचा तांब्या काही त्याला सापडेना. अंगणातली सावली तो खड्डा ओलांडावा तशी पाय उचलून ओलांडायचा. गावाने निदान केलं, पितोय. वहिनी म्हणाली, "पीत असता तर सोडवली तरी असती."

शेवटी त्याला बेळगावला नेलं. डॉक्टर म्हणाले, अल्झायमर. दादा पन्नाशीतला, आजोबांच्या बैलांची नावंसुद्धा पाठ असणारा. मी वाद घातला. त्यांनी सांगितलं, हा रोग एकाच वाटेने येत नाही. बहुतेकांची आधी आठवण जाते, काहींचे शब्द, काहींची रीतभात. दादाची नजर गेली. डोळे ठीक आहेत, दिसलेल्याचा अर्थ मेंदूला लागत नाही. आठवणही जाईल, सावकाश. रोग मागे फिरवणारं औषध नाही.

आमच्या गावात देवाला कौल लावायचं काम आमच्या घराकडे. देवाच्या पाषाणावर फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. कुठली पडली ते दादाने सांगायचं. या न्यायालयावर माझा कधीच विश्वास नव्हता. पेरणीआधी दादाने तिथे स्वतःचाच खटला उभा केला. गाऱ्हाणं एक शब्द न चुकता म्हटलं आणि शेवटी विचारलं, "पुढंबी ही सेवा माझ्याच हातानं घेतोस काय?"

डावी पडली. सगळ्यांनी पाहिली. दादा पाषाणाकडे बघतच राहिला.

"पडली काय रे?" त्याने मला विचारलं.

एरवी या देवळात गाऱ्हाण्यापेक्षा भांडणं मोठ्याने चालतात. आज कुणी खोकलंही नाही. आणि मी, पाकळीला काडीची किंमत न देणारा, ती परत चिकटावी म्हणून मनात नवस बोलत होतो.

"सांगा की. मुकं झालासा काय सगळे?"

"थांब जरा," एक म्हातारा म्हणाला, "देव इचार करतोय."

दादाने हात पुढे केला. तो आधी पाषाणाच्या बाजूने हवेतच गेला, मग दगडाला लागला. बोटांना उजवी पाकळी सापडली. तिच्या शेजारच्या ओल्या, रिकाम्या जागेवर बोटं बराच वेळ थांबली.

"नको म्हणाला," दादाने नेहमीसारखं खड्या आवाजात सगळ्यांना सांगितलं.

मग माझा दंड चाचपत, हळूच, "मला भायर घिऊन चल. दार कुठं हाय?"

दार त्याच्या समोरच होतं.