दोन्ही वेळा तेच उत्तर

दिवाळी झाली की पाथर्डीकडची गावं निम्मी रिकामी होत. ऊसतोडीला टोळ्या निघून जात आणि मागे उरत म्हातारी माणसं, शेरडं आणि कड्या घातलेली दारं. त्या रिकाम्या गावांतून मी दोन हिवाळे हिंडले. मानसशास्त्रात एम. ए. झालेली, तेवीस वर्षांची, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत प्रश्नावल्यांचा गठ्ठा. नव्वदच्या दशकाची ती पहिली वर्षं होती. आज ती आठवताना मला गावांपेक्षा तिथला उजेड आधी आठवतो. सकाळी दहाचा, पांढुरका, धुळीतून गाळून आल्यासारखा. त्या उजेडात चालताना आपण जागे आहोत की एसटीतली डुलकी अजून चालूच आहे, हे मला पुष्कळदा कळत नसे.

काम साधं होतं. आमच्या मॅडमनी मन किती खचलं आहे हे मोजणारी वीस प्रश्नांची एक पट्टी मराठीत आणली होती. मूळची परदेशातली. ती आपल्या बायकांना चालते का, हे आम्हांला बघायचं होतं. मॅडम पन्नाशीच्या, कडक इस्त्रीची सुती साडी नेसणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हांला समोर बसवून सांगितलं होतं, "दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. एक विश्वसनीयता. आज विचारलं आणि पंधरा दिवसांनी विचारलं, तर उत्तर तेच यायला हवं. दुसरी सप्रमाणता. आपण जे मोजतोय म्हणतो, तेच मोजतोय ना?"

पहिली मला चटकन समजली. दुसरी समजली असं वाटलं.

गावं पाच होती आणि आम्ही दोघं. दुसरा माझा सहकारी, नगरमधल्या एका मुसलमान शिंप्याचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, जाड मिशा, अबोल. प्रत्येकीकडे पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा जायचं, तेच वीस प्रश्न विचारायचे, आणि 'कधीच नाही, कधी कधी, नेहमी' यांतल्या एकावर खूण करायची. बायकांची उत्तरं हलत. पहिल्या फेरीत "झोप न्हाई बाई डोळ्याला" म्हणणारी दुसऱ्या फेरीत "झोपते की चांगली" म्हणे, कारण मधल्या काळात तिची शेळी व्यालेली असे नाहीतर लेकीचं पत्र आलेलं असे. मी त्या खुणा बघून खट्टू होई.

एकीचं मात्र तसं नव्हतं. डोंगराच्या पायथ्याच्या गावात अगदी शेवटच्या घरात ती राहायची. पंचावन्न-साठ वर्षांची, बारीक अंगाची, हिरवं लुगडं, कपाळावर मोठं गोंदण. मुलगा, सून, नातवंडं सगळी उसाला गेलेली. मी तिला मावशी म्हणायची. ती मला उंबऱ्याजवळ बसवून स्वतः समोर बसायची, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि माझ्या तोंडाकडे अशी बघत राहायची की आजवर माझं बोलणं इतकं मन लावून कुणीच ऐकलं नव्हतं. "व्हय," म्हणायची, "न्हाई बया," म्हणायची, कधी नुसती मान हलवायची. दोन्ही फेऱ्यांत वीसच्या वीस उत्तरं सारखी आली. एकही खूण हलली नाही.

मॅडमनी ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले. "वा," त्या म्हणाल्या. "आता हिलाच घ्या. तुम्ही दोघं एकत्र जा. एकदा तू विचार, एकदा त्याला विचारू दे, आणि दोघांच्या खुणा जुळतात का बघा."

मी खुशीत होते. करंजीच्या घाटात एसटी रांगत चढत होती, खिडकीतून ऊन मांडीवर आलं होतं आणि मी सहकाऱ्याला त्या दोन कागदांचं कौतुक ऐकवत होते. तो बाहेर बघत होता. मग म्हणाला, "आमच्या अब्बांची टेप लांबली होती."

"कसली टेप?"

"मापाची. कापडी टेप. वापरून वापरून ताणली गेली होती. पण कुणाला कळलं नाही, वर्षानुवर्षं. त्याच टेपने माप घ्यायचं, त्याच टेपने कापड बेतायचं. कपडे बसायचे की बरोबर. मग एकदा औरंगाबादच्या एका नवऱ्या मुलाची मापं चिठ्ठीवर आली. तिकडच्या शिंप्याने घेतलेली. अब्बांनी शेरवानी शिवली आणि ती त्या मुलाच्या अंगात लोंबायला लागली. तेव्हा कळलं."

"मग?"

"मग काय. अब्बा दोन दिवस जेवले नाहीत."

मला हसू आलं. त्याला आलं नाही.

गावात पोचलो तेव्हा मावशी अंगणात तूर बडवत होती. मला बघून तिचा चेहरा उजळला. मी नेहमीसारखी समोर बसले, प्रश्न विचारले, तीच वीस उत्तरं आली. मग सहकारी बसला. परका पुरुष म्हणून मावशीने पदर पुढे ओढला. त्याची विचारायची पद्धत वेगळी होती, मान कागदात, आवाज सपाट, आणि ओठांवर ती मिशी. "तुम्हांला रडावंसं वाटतं का?" त्याने विचारलं. मावशी म्हणाली, "व्हय." "जेवण जातं का?" "व्हय." पुढच्या प्रश्नाला ती थांबली आणि डोळ्याच्या कडेने माझ्याकडे बघू लागली. मी खाली बघत होते. मॅडमनी ताकीद दिली होती, दुसऱ्याचं चालू असताना चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. "व्हय," मावशी घाबरल्यासारखी म्हणाली. नंतरच्या सगळ्या प्रश्नांना व्हय.

पुरुषापुढे लाजली असेल, मला वाटलं. आम्ही उठलो. ती पाठ करून तुरीचा भुसा गोळा करायला लागली. सहकाऱ्याची पेन्सिल तिच्या पायापाशी पडली होती. "मावशी, पेन्सिल," तो म्हणाला. मग जरा मोठ्याने, "मावशी!" मग अगदी तिच्या पाठीशी जाऊन, "अहो मावशी!"

तिने मान वळवली नाही. त्याची सावली पुढच्या भुशावर पडली तेव्हा ती दचकली, वळली आणि हसली.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. एसटीत बसल्यावर मला ते हळूहळू उलगडत गेलं. तिला माझा एकही प्रश्न कधी ऐकू आलेला नव्हता. रडण्याचं विचारताना माझा चेहरा पडत असणार, तेव्हा ती "न्हाई बया" म्हणत होती, जणू माझीच समजूत घालत होती. आनंदाचं विचारताना मी हसत असणार, तेव्हा "व्हय". दोन्ही फेऱ्यांत माझा चेहरा त्याच जागी पडला आणि त्याच जागी हसला. ते दोन कागद तंतोतंत जुळले, पण त्यांत तिचं काही नव्हतं. मी स्वतःलाच दोनदा मोजून आले होते.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. मॅडमना सांगितलं नव्हतं. मावशीसमोर बसले आणि माझ्या कानाला हात लावून, मग तिच्या कानाकडे बोट करून मान हलवली. तिचं तोंड उतरलं. चोरी सापडल्यासारखी ती मातीवर बोटाने रेघा ओढत राहिली.

"तापात गेलं," ती म्हणाली. "लई वर्सं झाली. थोडं येतं ह्या कानानं. वरडलं तर."

मी त्या कानाजवळ तोंड नेलं. "सांगितलं का नाही मला?"

"बहिरी म्हनलं की मानसं बोलायचीच बंद हुत्यात. नुसतं हातानं दावत्यात, हे घे, ते ठेव. तू बसून येवढा येळ बोलत हुतीस. माज्या तोंडाकडं बघून." तिने वर पाहिलं. "काय इचारत हुतीस गं?"

मी पिशवीतून कागद काढला आणि तिच्या कानात ओरडून पहिला प्रश्न विचारला. शेजारच्या दोन घरांतून दोन म्हाताऱ्या लगेच बाहेर आल्या. मावशीने ते बघितलं. उठली, शेरडं सोडली आणि म्हणाली, "चल माळावर."

माळ म्हणजे डोंगराचीच उघडी पाठ. वाळलेलं कुसळी गवत, मध्येच एखादं बाभळीचं झाड, वर काहीच नसलेलं आभाळ. खाली गाव इतकं गप्प होतं की कुणीतरी ते तिथं ठेवून विसरून गेलंय असं वाटत होतं. तिथं उभी राहून मी जगातले सगळ्यांत खाजगी प्रश्न बेंबीच्या देठापासून ओरडून विचारले. "झोप लागते का?" "जीव नकोसा होतो का?" शेरडं माना वर करून बघत आणि पुन्हा चरायला लागत. तीही ओरडूनच उत्तरं देत होती, कारण तिला स्वतःचा आवाजही त्याशिवाय येत नसावा.

"रडू येतं का?"

"येतं की! सांजंला भाकरी टाकताना येतं! चार मानसांची टाकायची सवय हाय हातांला!"

"एकटं वाटतं का?"

हा प्रश्न तिला दोनदा सांगावा लागला. मग ती म्हणाली, "एकटी तर हायेच मी. त्यात वाटायचं काय?"

याच्यापुढे कुठे खूण करायची ते मला कळेना. तेव्हा तिने मला विचारलं, "आन तुला?"

"काय?"

"तुला येतं का रडू?"

त्या वर्षी माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं. साखरपुडा झाला होता, पत्रिका छापायला टाकायच्या होत्या. घरात त्याविषयी कुणी बोलत नव्हतं, मीही नाही. सरावासाठी आम्ही दोघांनी ती प्रश्नावली स्वतः भरली होती, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा, आणि रडण्याच्या प्रश्नावर मी दोन्ही वेळा 'कधीच नाही'वर खूण केली होती. माझे कान तर धडधाकट होते.

"येतं!" मी ओरडले. वाऱ्यात आवाज विरून गेला म्हणून पुन्हा ओरडले, "लई येतं!"

मावशीने जवळ येऊन ओच्यातले हुलग्याचे चार भाजलेले दाणे माझ्या हातावर ठेवले आणि आम्ही बाभळीखाली बसून ते खाल्ले. किती वेळ बसलो ते आठवत नाही. उन्हं सरकत होती, शेरडांच्या गळ्यातली घुंगरं मला ऐकू येत होती आणि तिला येत नव्हती, आणि तरी आम्ही दोघी एकाच ठिकाणी होतो.

त्या दिवशीचा कागद मॅडमना दाखवावा की नाही, यावर मी दोन दिवस घोळ घातला. न दाखवला असता तर मावशीचे पहिले दोन कागद छान जुळत होते. शेवटी मावशीचे सगळे कागद त्यांच्या टेबलावर ठेवून जे घडलं ते सांगितलं. माझं स्वतःचंही सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"तुझ्या फॉर्मचं मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"तुझ्याकडे बघून."

मग बराच वेळ त्या गठ्ठा चाळत बसल्या. मला वाटलं होतं त्या मावशीचे कागद बाजूला काढतील आणि बाकीचं पुढे चालू होईल. त्यांनी सगळाच गठ्ठा सुतळीने बांधला. "एक बहिरी सापडली म्हणून कळलं," त्या म्हणाल्या. "ज्यांना नीट ऐकू येत होतं, त्यांनी काय ऐकलं हे कुणी बघितलंय? 'एकटं वाटणं' म्हणजे त्यांच्या लेखी काय? आधी ते विचारून या. कागद न नेता."

म्हणजे आमचं वर्ष गेलं होतं. सहकारी चिडला. त्याला नोकरीसाठी पुण्याला जायचं होतं आणि काम संपल्याचं पत्र हवं होतं. तो दोन दिवस फिरकला नाही, तिसऱ्या दिवशी आला आणि स्टँडवर माझ्या आधी उभा होता. उरलेला हिवाळा आम्ही नुसते ऐकत फिरलो. बायका 'उदास' म्हणत नव्हत्या, 'जीव उडालाय' म्हणत होत्या. 'थकवा' म्हणत नव्हत्या, 'हातपाय माजं ऐकत न्हाईत' म्हणत होत्या. मॅडमनी विसांतले अकरा प्रश्न बदलले. पुढच्या वर्षीच्या दोन फेऱ्यांत कागद पहिल्याइतके जुळले नाहीत. मॅडम त्यावर नाराज दिसल्या नाहीत.

चैत्रात टोळ्या परतल्यावर मी एकदा मावशीकडे गेले. कामासाठी नाही. आता दारात बैलगाडी सोडलेली होती, वलणीवर लुगडी-सदरे, ओट्यावर सून गहू पाखडत होती, दोन नातवंडं एकाच परातीवरून भांडत होती. मावशी चुलीशी होती. मी समोर जाऊन उभी राहिले तशी तिने ओळखलं आणि सुनेला हाताने खूण करून चहा टाकायला सांगितलं.

मी तिच्या चांगल्या कानाशी वाकले. "आता रडू येतं का?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू हा प्रश्न मी दुसऱ्याच कुणाला विचारायला हवा होता.

"आता?" ती म्हणाली. "आता कुटं येळ हाय गं!" आणि परातीवरची पोरं पांगवायला उठली.