परात झाकलेलं यंत्र

मूल गावच्या बाजारात मासोळ्या विकणाऱ्या इंदिराबाईंनी एका वैशाखात डोक्यावरून चक्क उपग्रहांचा सिग्नल पकडणारं यंत्र वाहिलं. गावचा तलाव आटला होता, म्हणून मजुरी हवी होती. साधना मॅडम जंगल मोजायला आल्या होत्या. आकाशातला सिग्नल यंत्राला जितका कमी मिळेल, तितकी वरची पानं दाट, असा त्यांचा हिशेब.

पहिल्याच फेरीनंतर मॅडम चक्रावल्या. "इंदिराबाई, धानाच्या बांदीत, मोकळ्या शेतातही घनदाट जंगल दाखवतंय! यंत्र नेलं तरी कसं?"

"टोपल्यात, वरून पितळी परात झाकून. आभाळातल्या देवाशी बोलते ना ते? नैवेद्य कोणी उघडा नेते काय?"

बोलल्या नि जीभ चावली. आता मजुरी गेलीच!

पण मॅडम पोट धरून हसल्या. त्यांनी परात काढली, तसे यंत्राच्या पडद्यावरचे सिग्नलचे दांडे भराभर वाढले. मोहाच्या दाट झाडाखाली गेल्यावर ते पुन्हा खाली बसले.

इंदिराबाईंनी वर मोहाच्या पानांकडे बघितलं. "याची परात चालते, अन् माझी काऊन नाई?"

"अहो, त्याचीच तर मोजायची आहे! उद्या लवकर या. तुमची मात्र घरीच ठेवा."

मजुरी टिकली! इंदिराबाईंनी मोहाला हात जोडले.